हळू चालणारा पुढे

मी पहिल्यांदा नायक झालो तो कानाच्या चुकीमुळे. पुढे आयुष्यात लोकांनी मला बऱ्याच ठिकाणी पुढे केलं, हारतुरेही घातले, आणि दर वेळी माझी ओळख करून देणारा गृहस्थ 'अंगी उपजतच असलेले गुण' असं काहीतरी बोलायचा. उपजत म्हणे! जे घडलं ते मीच एकदा सांगून टाकतो, म्हणजे इतरांना थापा मारायला जागा उरणार नाही.

महाडला गावाबाहेर, नदीच्या अंगाला, भाताची एक जुनी वखार होती. तिथे गुरुजींनी वसतिशाळा काढली होती. गुरुजी पुण्यात शिकलेले, बोलणं स्वच्छ, धोतर त्याहून स्वच्छ. त्यांचं म्हणणं असं की देशात सांगकामे पैशाला पासरी मिळतात, पण चार माणसांना बरोबर घेऊन एक काम तडीस नेणारा शोधून सापडत नाही. तो घडवायचा तर पोरवयातच घडवला पाहिजे. म्हणून त्या शाळेत पुस्तकं थोडी आणि कामं फार. चाळीस मुलं, दहा-दहांच्या चार टोळ्या, प्रत्येक टोळीला एक नायक. पाणी भरणं, स्वयंपाक, झाडलोट, भाजीचे वाफे, सगळं मुलांनीच ठरवायचं आणि मुलांनीच निभवायचं. संध्याकाळी प्रार्थना झाली की एकाने उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. बाजारपेठेत शाळेला 'पुढाऱ्यांचा कारखाना' म्हणत. मीठ-मिरची आणायला गेलो की दुकानदार हटकून विचारायचा, "काय रे, या महिन्यात किती पुढारी तयार झाले?"

मी पोलादपूरच्या वरच्या डोंगरातला. आमची वाडी बारा घरांची. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, दोघेही मुंबईला गिरणीत. पोलादपूरच्या शाळेतल्या मास्तरांनी गुरुजींना चिठ्ठी दिली म्हणून माझी तिथे वर्णी लागली. तीही कच्ची. नवीन मुलाला गुरुजी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत पारखून घेत आणि मग ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवत. दिवाळीला आबा गावी आले होते. त्यांनी ओटीवर बसून निकाल दिला, "ठीक हाय. गुरुजीनं ठेवून घेतला तर शिकू दे. नाय ठेवला तर शिमग्याला येतो तवा माझ्या संगट मुंबैला. मी जॉबरशी बोलून ठेवतो." जॉबर म्हणजे गिरणीत माणसं भरती करणारा मुकादम. वडील आबांच्या शब्दाबाहेर नव्हते. आई आत चुलीपाशी होती, तिला कुणी विचारलं नाही.

आता कानाची गोष्ट. शाळेतला माझा दुसरा दिवस. सकाळी सगळ्या टोळ्या अंगणात रांगेत उभ्या. आमच्या टोळीचा आधीचा नायक पुण्याच्या शाळेत गेला होता, त्याची जागा रिकामी होती. हे मला कुठून ठाऊक असणार? अंगापिंडाने थोराड म्हणून मला उजव्या टोकाला उभं केलं होतं. गुरुजी माझ्यासमोर आले, रांगेकडे बघितलं आणि म्हणाले, "नायक?"

पोलादपूरचे मास्तर हजेरी घेताना कुणी ओ दिली नाही तर खेकसायचे, "नाय का?" माझ्या कानाने तेच ऐकलं. मला वाटलं, माझं नाव पुकारून झालं आणि मी ओ द्यायचा राहिलो. मी घाबरून ओरडलो, "हाय की! हितंच तर हाय!"

चाळीस मुलं पोट धरधरून हसली. एक जण तर खालीच बसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाले, "आहेस म्हणतोस? मग राहा." आणि खिशातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली.

मुलांनी माझं नाव 'हायकी' ठेवलं. यात सगळ्यात पुढे होता माझ्याच टोळीतला, बाजारपेठेतल्या एका कापडवाल्याचा मुलगा. गोरा, गुबगुबीत, तोंडाने तिखट. मी काही बोललो की तो लगेच माझ्या बोलीत उलटून म्हणून दाखवायचा, तेही डोळे मिचकावून. मला राग लवकर येतो, अजूनही येतो. पहिल्या आठवड्यात मी त्याला दोनदा धरायला गेलो आणि दोन्ही वेळा माझी मीच समजूत घातली, कारण मारामारी करणाऱ्याला गुरुजी दुसऱ्या दिवशी घरी पाठवत.

आणि मला घरी जायचं नव्हतं. हे सरळच सांगतो. त्या वखारीत मला जितकं बरं वाटलं तितकं त्याआधी कुठेच वाटलं नव्हतं. जेवण आमच्या घरच्यापेक्षा काही फार बरं नव्हतं, निजायला घोंगडी तीच. पण कुठलंही काम झालं की गुरुजी विचारायचे, "तुला काय वाटतं? नीट झालं का?" मला काय वाटतं ते तोवर कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, चुकलं काहीतरी, म्हणून मी कान पकडले.

पण नायक म्हणून माझी पार फजिती चालली होती. मला हुकूम सोडता येईना. आमच्या वाडीत हुकूम फक्त बैलाला देतात, आणि तोही ऐकतोच असं नाही. शेजारच्या टोळीचा नायक वकिलाचा मुलगा होता, तो शिट्टी फुंकून "सावधान!" म्हणाला की त्याची टोळी ताठ व्हायची. मी शिट्टी फुंकली की माझी टोळी मान वळवून बघायची, कोण आलंय म्हणून. शेवटी मी शिट्टी खुंटीला लावली आणि कामाला लागलो. पाणी भरायचंय? उचलली घागर. भांडी घासायचीत? बसलो राखेत. दहा जणांचं काम एकटा करत होतो आणि बाकीचे नऊ माझ्या जिवावर उड्या मारत होते. वर मी स्वतःवर खूश! एक दिवस गुरुजींनी मला नदीवर गाठलं. माझ्या दोन्ही खांद्यांवर घागरी होत्या.

"तू नायक आहेस की पाणक्या?" त्यांनी विचारलं.

मी घागरी खाली उतरवल्या. मग ते शांतपणे म्हणाले, "हे बघ, शिमग्याआधी चारही टोळ्या पाचाडला येतील. शिधा, भांडी आपली आपण घेऊन, पायी. जी टोळी आधी पोचेल तिच्या पंगतीला मी जेवेन. वाटेत तू टोळी कशी चालवतोस त्यावर तुझं इथलं राहणं ठरेल. एकट्याने घागरी वाहून ते व्हायचं नाही."

त्या रात्रीपासून मला गिरणीची स्वप्नं पडायला लागली. गिरणी मी पाहिलेलीही नव्हती, त्यामुळे स्वप्नात ती आमच्या गोठ्यासारखी दिसायची.

पाचाड म्हणजे गडाच्या पायथ्याचं गाव, महाडपासून सात-आठ कोस. नात्यापर्यंत वाट सपाट, कोंझरच्या पुढे चढ. गुरुजी आदल्या दिवशी बैलगाडीने पुढे गेले. आम्ही उजाडता उजाडता निघालो. मोठा टोप मी डोक्यावर घेतला, तांदळाची पिशवी खांद्यावर. घागरींची खोड अंगात मुरलेली! बाकीचे हात हलवत चालले. अर्धा कोसही झाला नसेल तर टोळी लांबत गेली. चपळ तिघे पार पुढे, मध्ये रेंगाळणारे, आणि सगळ्यात मागे कापडवाल्याचा मुलगा, लंगडत. बापाने खास मुंबईहून आणलेले नवे बूट घालून आला होता शहाणा. वकिलाच्या मुलाची टोळी आमच्या शेजारून जवळजवळ धावतच गेली. जाता जाता त्यांच्यातला एक ओरडला, "हायकी, रात्रीपर्यंत ये रे!"

नात्याच्या अलीकडे आम्ही ओढ्यावर थांबलो. मागचे येईपर्यंत पुढचे कंटाळून निघून जायच्या बेतात होते. कापडवाल्याचा मुलगा आला तो धपकन बसलाच. बूट काढले तर दोन्ही टाचा सोललेल्या. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली. हे मनात आलं ते लपवत नाही. त्याला तिथेच सोडून द्यावा, परतणारी एखादी गाडी मिळेल त्याला, असंही मनात आलं. पळण्यात मी कुणाला हार गेलो नसतो.

तेवढ्यात समोरून डोंगरातल्या बाया आल्या. डोक्यावर फाट्यांच्या मोळ्या, महाडच्या बाजाराला निघालेल्या. आठ-दहा जणी एकामागे एक, आणि सगळ्यात पुढे वाकलेली एक म्हातारी. मागच्या तरण्याताठ्या बाया, एकेक अशी की म्हातारीला मोळीसकट उचलून नेली असती. पण एकही तिला ओलांडून पुढे जात नव्हती. म्हातारीने आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय रे पोरांनो, कुटं निघालाव? भरती हाय का पलटणीची?"

"पाचाडला चाललो आजी," मी म्हटलं.

"मग बसलाव काय असं? ऊन काय तुमच्यासाठी थांबल व्हय?" असं म्हणून ती तिच्या चालीने निघून गेली, आणि तिच्यामागून सगळ्या गेल्या.

मला स्वतःचीच लाज वाटली. हे मी जन्मल्यापासून बघत आलो होतो! आमच्या वाडीतून आजाऱ्याला डोलीत घालून पोलादपूरला न्यायचं झालं तर चौघे खांदा देतात, चौघे रिकामे चालतात, आणि ठरलेल्या धोंडीपाशी खांदे बदलतात. बाजाराला निघालो तर म्हातारी माणसं पुढे, लेकुरवाळ्या त्यांच्यामागे, धट्टेकट्टे शेवटी. मागे पडलेला माणूस डोंगरात कुठे राहिला ते कळत नाही, म्हणून ही रीत. त्यात कुणी कुणाला हुकूम सोडत नाही. आणि मी इतके महिने नायक म्हणजे शिट्टी नाहीतर घागर एवढंच धरून बसलो होतो.

मी उठलो. टोप खाली ठेवला आणि कापडवाल्याच्या मुलाला म्हटलं, "तू पुढं चाल."

तो उसळला. "मला पुढे घालून माझी मजा बघणार होय रे? मी हळू चालतो म्हणून?"

"हां, हळू चालतोस म्हनूनच," माझाही आवाज चढला. "मागं राहिलास तर आमी धावनार आनि तू रडनार. पुढं चाललास तर सगळे तुझ्या चालीनं येतील. ती म्हातारी बघितलीस ना? तिच्या मागं एवढ्या बाया हायत, एक तरी हसली का तिला?"

त्याने म्हातारी गेली त्या वाटेकडे बघितलं. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी एवढं लांबलचक त्यांच्याशी कधी बोललोच नव्हतो. मग मी टोपाकडे बोट दाखवलं. "हा टोप आता मी नेनार नाय. दोघांनी कड्या धरायच्या. पुढचं मोठं झाड आलं की दुसऱ्या दोघांनी. तांदूळ, डाळ तसंच. जो चपळ हाय तो शेवटी चालंल, कुनी बसला तर त्याला उठवायला." इतकं बोलून मला वाटलं, आता हे हसणार. कुणीही हसलं नाही. चपळ तिघांतला एक पुढे आला आणि त्याने टोपाची कडी धरली.

कापडवाल्याच्या मुलाने बूट गळ्यात अडकवले. एकाने आपलं उपरणं फाडून त्याच्या टाचांना गुंडाळलं. तो पुढे झाला. पहिली पन्नास पावलं तो मागे वळून वळून बघत होता, कोणी वेडावतंय का म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं की पुढे वाट मोकळी आहे आणि मागून नऊ जण आपल्या पावलावर पाऊल टाकत येताहेत. त्याची मान हळूहळू ताठ झाली. थोड्या वेळाने तो मागे न बघता सांगायला लागला, "इथे दगड आहे. डावीकडून या." आम्ही डावीकडून गेलो.

दोन्ही बाजूंना शेतात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजत होते, धुराचा वास येत होता. पळस फुललेला. मी सगळ्यात मागे रिकाम्या हाताने चालत होतो आणि मला रिकाम्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. कोंझरच्या चढावर आणखी एका टोळीतले चार-पाच जण आम्हाला मागे टाकून गेले. आमच्यातल्या चपळांची चुळबुळ सुरू झाली. एक मला म्हणाला, "आपण तिघे तरी पुढे जाऊ या का? एकजण तरी आधी पोचेल." माझ्या जिभेवर 'चल' आलंच होतं. पण पुढे तो गोरा, घामाघूम पोरगा एकेक पाऊल जपून टाकत होता आणि एकदाही बसला नव्हता. मी म्हटलं, "नाय. आपुन दहा हाव."

पाचाडच्या वेशीवर आंब्याच्या झाडाखाली गुरुजी घोंगडीवर बसले होते. वकिलाचा मुलगा त्यांच्यासमोर उभा होता, चेहरा लालबुंद. त्याच्याबरोबर सहा मुलं. दुसरी टोळी जरा पलीकडे, तीही अर्धीमुर्धी. मला वाटलं, संपलं सगळं. आम्ही तिसरे.

गुरुजी वकिलाच्या मुलाला म्हणत होते, "तू आलास ते मी बघितलं. टोळी कुठे आहे?"

"येताहेत मागून, गुरुजी."

"मग आली की सांग."

तेवढ्यात त्यांची नजर आमच्याकडे गेली. ते उठून उभे राहिले. कापडवाल्याचा मुलगा फडकी बांधलेल्या पायांनी त्यांच्यासमोरून गेला, आणि गुरुजींनी बोट उचललं. "एक." मग दोन. मग तीन. आठ, नऊ. मी शेवटी पोचलो. त्यांनी माझ्या छातीला बोट लावलं आणि म्हणाले, "दहा." आणि मग धोतराची धूळ झटकून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तोंडभर हसून, "तांदूळ धुवा. मी तुमच्यात जेवणार."

आम्ही जे ओरडलो ते गडावर ऐकू गेलं असेल! सगळे एकमेकांच्या अंगावर. कापडवाल्याच्या मुलाला चौघांनी उचललं आणि तो वरून माझ्या टाळक्यात थापट्या मारत होता. त्या आनंदात भात खालून करपला, वरण पाण्यासारखं झालं. गुरुजी तेच मिटक्या मारत जेवले. हात धुताना मला म्हणाले, "घरी सांग, आणखी दोन वर्षं तू इथेच आहेस." मी रडलो. पोरांसमोर, गुरुजींसमोर, वकिलाच्या मुलासमोर भडाभडा रडलो आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

शिमग्याला घरी गेलो तो उड्या मारतच. वाडीचा चढ कधी संपला कळलं नाही. आबा आदल्या दिवशीच मुंबईहून आले होते. मी ओटीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या सांगून टाकलं, गुरुजींनी ठेवून घेतलं म्हणून. आबा विडी ओढत होते. त्यांनी ऐकलं, आणि जवळची पिशवी पुढे सारली. आत खाकी चड्डी आणि सदरा होता, नवाकोरा.

"बरं झालं ठेवला तो," आबा म्हणाले. "पन मी जॉबरला सबूद दिलाय. जागा परत मिळायची नाय. देवाची पालखी झाली की निघू."

पाचाडला दहा जणांना घेऊन गेलेला मी, आबांपुढे पार खुळा झालो. आबांना उलटून बोलायची आमच्या घरात रीतच नव्हती. वडील बोलत नसत, मग मी कोण?

आणि आई बाहेर आली. हे समजायला एक गोष्ट सांगायला हवी. थोरल्या दिरासमोर आई कधी उभी राहत नसे. त्यांच्याशी ती थेट बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. जेवण झालंय, पाणी तापलंय, जे असेल ते माझ्या तोंडून किंवा दाराआडून. त्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर होता, हाताला तांदळाचं पीठ होतं.

"भावोजी," ती म्हणाली, "गुरुजीनं ठेवला तर शिकू दे, ह्यो सबूद तुमीच दिला व्हता. त्यो आदी दिलाय. पोरगा जायाचा नाय."

आबांच्या बोटांतली विडी विझली. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बाहेर अंगणाकडे. अखेर त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि ती पिशवी माझ्या अंगावर फेकली. "घे. शाळंत घाल," म्हणाले, आणि उठून पालखी बघायला निघून गेले.

आई आत गेली. मी तिच्यामागून गेलो. ती चुलीपुढे बसली होती, पिठाचे दोन्ही हात तोंडावर दाबून हसत होती, आणि हसू काही केल्या तिला आवरत नव्हतं.